किंकऱ्याची निशाणी

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या चाकं करणाऱ्या सुताराचं घराणं शोधायचं असेल, तर शोधणारा आधी गावच्या चर्चची जुनी वही मागतो. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यानं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. ओल, उंदीर आणि आगी यांतून त्यातल्या पुष्कळ वह्या वाचल्या. १८१३ पासून त्यांना छापील रकाने आले आणि मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदाही लिहिला जाऊ लागला. त्यामुळे ज्याच्या नावावर कधी बोटभर जमीन नव्हती, अशा लोहाराचा किंवा सुताराचा खापरपणतूसुद्धा तिथे पिढ्यामागून पिढ्या मागे जाऊ शकतो.

माझं माहेर सुताराचं. गाव येरळेच्या काठी, खानापूर तालुक्यात. आमच्याकडे पॅरिश नाही आणि पाद्रीही नाही. म्हणून आमच्या माणसांचा काही मागच उरला नसेल, हे मला कधी पटलं नाही. माग असतो. तो एका वहीत सापडत नाही, एवढंच. काही कचेरीच्या कपाटात असतो, काही घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणाऱ्या हेळव्याच्या बैलाच्या पाठीवर असतो आणि काही गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो. तो गोळा करत मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत गेले.

सुरुवात साताऱ्यापासून केली, कारण आमचं गाव आज सांगली जिल्ह्यात असलं तरी माझ्या आजोबांच्या लहानपणी ते सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला. साताऱ्याचे वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख त्यात आला. १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. शेजारचं आटपाडी आणि कुंडल ही औंधच्या पंतप्रतिनिधींची. म्हणजे दोन कोसांवरच्या दोन गावांची कागदपत्रं दोन वेगळ्या सरकारांनी लिहिलेली, वेगळ्या दफ्तरांत गेलेली. घराण्याचा शोध घेणाऱ्यानं आधी हा नकाशा डोक्यात बसवावा, मग कचेरी गाठावी.

साताऱ्यात उतरलं की अजिंक्यतारा किल्ला समोर येतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. राज्य उभं करून देण्याचं काम इंग्रजांच्या ग्रँट डफकडे होतं. १८२२ साली कारभार महाराजांच्या हाती आला. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीनं राज्यच खालसा केलं. जेमतेम तीस वर्षांचं हे राज्य, पण कागद करण्यात चोख होतं. गावोगावची वतनं, इनामं, बलुती यांची चौकशी झाली आणि ती मोडीत लिहिली गेली.

मोडी वाचायला मला एका निवृत्त शिक्षकांनी शिकवलं. ते म्हणायचे, "ताई, अक्षर ओळखायच्या आधी साल ओळखा." मोडी कागदावर साल अरबी शब्दांत येतं. 'सलास अशरीन मयातैन व अलफ' म्हणजे तीन, वीस, दोनशे आणि हजार. शुहूर सन १२२३. त्यात ५९९ मिळवले की १८२२ चा जून येतो, कारण हे साल मृगाला सुरू होतं. पेरणीच्या नक्षत्रावर वर्ष बदलणारी ही कालगणना मला फार शहाणपणाची वाटते. गावाचं वर्ष तिथूनच सुरू होतं आणि सुताराचंही. मृगाच्या आधी तिफणी, कुळव, नांगर दुरुस्त करून द्यायचे आणि बलुत्यासाठी सुगीपर्यंत वाट पाहायची, असा त्याचा वर्षाचा हिशेब.

त्या शिक्षकांनी मला महजर दाखवले. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसायची. देशमुख, देशपांडे, गावोगावचे पाटील, शेटे-महाजन आणि बारा बलुतेदार साक्षीला असायचे. निवाड्याच्या कागदावर ज्यांना लिहिता येई ते सही करत आणि बाकीचे निशाणी करत. पाटलाची निशाणी नांगर. सुताराची किंकरं. लोहाराची सांडस, चांभाराची आरी, परटाची मोगरी. इतिहासकार राजवाड्यांनी छापलेल्या साधनांत असे महजर वाचायला मिळतात. मसूरच्या जगदाळ्यांचा वतनाचा तंटा तर पिढ्यानपिढ्या चाललेला. छापील पानात निशाणीच्या जागी नुसता शब्द येतो. मूळ कागदावर मात्र हातानं काढलेलं हत्यार असतं, बोरूच्या दोन-तीन फटकाऱ्यांत. एका कागदावरचं किंकरं मी बराच वेळ पाहत बसले. दांडा जरा वाकडा, पातं मात्र रेखीव. ज्यानं काढलं त्याला पात्याची धार कुठे असते हे माहीत होतं.

इंग्लंडात १७५३ च्या कायद्यानंतर नवरा-नवरीनं चर्चच्या वहीत सही करायची सक्ती झाली. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली मारत. सुताराची फुली आणि मेंढपाळाची फुली सारखीच. आमच्या महजरावर निरक्षर माणूससुद्धा आपला धंदा मांडून जातो, कारण साक्षीला तो नुसता माणूस म्हणून आलेला नसतो. गावाचा सुतार म्हणून, थोरल्या ओळीचा बलुतेदार म्हणून आलेला असतो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी. या व्यवस्थेत माणसाला धंद्यातून आणि जातीतून बाहेर पडायची वाट नव्हती आणि ज्यांचं बलुतं सर्वांत कष्टाचं त्यांना मान सर्वांत कमी होता. निशाणीचं कौतुक करताना हे विसरणं बरं नव्हे.

आमच्या गावाच्या परिसरातल्या कागदांवर सुताराची निशाणी आहे. पण नाव आमच्या घराण्यातलं नाही. याचा उलगडा पुढे झाला.

साताऱ्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसले. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, शिरवडे, कराड. कराडपुढे कृष्णेचं काळं रान लागतं, ऊस दोन्ही बाजूंनी रुळापर्यंत येतो. मग ताकारी आणि किर्लोस्करवाडी. या स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून इथे आले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळरानावर जागा दिली आणि लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांत समजूत होती. नांगर खपेनात. ती समजूत मोडली तेव्हा खेड्यातल्या सुताराच्या हातातलं एक मोठं काम गेलं.

पण कारखान्यानं फक्त काम हिरावलं असं म्हणणं अपुरं आहे. ओतकामाला साचा लागतो आणि साचा करायला आधी हुबेहूब तोच भाग लाकडात घडवावा लागतो. वितळलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, त्यासाठी लाकडाचा भाग मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. हे काम चांगल्या सुताराचंच. माझ्या आजोबांचे चुलते इथे लाकडी पॅटर्न करायला लागले आणि महिन्याला रोख पगार घेऊ लागले. घरातल्या कोणालाच तोवर रोख पगार ठाऊक नव्हता. बलुतं धान्यात यायचं, तेही खळ्यावर जाऊन उभं राहिल्यावर.

किर्लोस्करवाडीहून गावाकडे एसटीनं गेले. खानापूर तालुका म्हणजे पूर्वी पावसाची वाट पाहणारा मुलूख. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंब आणि द्राक्षबागा दिसतात. दुष्काळानं या भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. विटा आणि आसपासच्या गावातलं एखादं घर नसेल ज्याचा माणूस दूरच्या कुठल्यातरी सराफ बाजारात भट्टी लावून बसलेला नाही. आमच्या भावकीतली पोरंही रंधा सोडून तिकडे गेली. गावात सुतारकाम करणारे आता एकच आबा उरलेत, तेही दारं-खिडक्यांचं.

"कुनाची गं तू?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजी वरल्या आळीच्या तात्याची नात. बस की."

मी गाडीच्या चाकाचं विचारलं आणि आबा खुलले. बाभळीचा तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, एका पुठ्ठ्याला दोन आरे. लाकूड तोडल्यावर किती काळ मुरवायचं, कोणतं पाण्यात घालायचं, आऱ्याचं कूस किती घट्ट ठेवायचं, हे सगळं ते बोटांनी हवेत दाखवत होते. आणि मग धाव चढवायचा दिवस. लोखंडी धाव चाकापेक्षा घेरानं थोडी कमीच केलेली असते. शेण्यांचा गोल जाळ लावून ती लाल करायची, चार जणांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आकसते आणि सगळे सांधे करकरून एक होतात. "त्या टायमाला लोहार आन् सुतार एकमेकास्नी शिव्या देत्यात," आबा म्हणाले, "पर दुसऱ्याशिवाय चाक व्हत न्हाई." साखर कारखाने आले, उसाच्या वाहतुकीला रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि हे काम थांबलं. आबांनी शेवटचं लाकडी चाक कधी केलं ते त्यांना नीट आठवतं: बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सुगीला.

इथवर सगळी पुरुषांची कथा होती. बायका पहिल्यांदा दिसल्या त्या तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात.

गावचा जन्म-मृत्यूचा दाखला ज्यात लिहिला जायचा तो गाव नमुना नंबर १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, मरणाचं कारण. सुतारासारख्या इतर मागासवर्गातल्या माणसाला जातपडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून या वहीची नक्कल काढायला लोक येतच असतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या पानावर कुणब्याची नोंद शोधली गेली, त्याच पानावर खाली-वर सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार, मांग सगळे ओळीनं आहेत. अख्खं गाव त्या पानावर आहे.

मी १९१८ चं पान उघडलं. पुरुषाचं नाव 'अमका बिन तमका' असं, बाईचं 'अमकी कोम तमका' असं. सप्टेंबरपर्यंत ओळी विरळ. मग ऑक्टोबर येतो आणि अक्षर बदलतं. घाईचं, तिरकं होतं. कारणाच्या रकान्यात एका ओळीत 'ताप' आणि त्याखाली नुसती 'सदर', 'सदर', 'सदर'. ही मानमोडीची साथ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगभर पसरलेला इन्फ्लुएंझा. त्या रांगेत आमच्या घरातली दोन माणसं एका आठवड्याच्या अंतरानं आहेत. एक तान्हं मूल. दुसरी त्याची आई, माझ्या आजोबांची आई.

तिचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आजोबा लहान असताना ती गेली, पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि तिच्याविषयी बोलणं थांबलं. शंभर वर्षं ती 'पहिली' एवढीच होती. मला ते नाव कोतवालानं दिलं. जन्म-मृत्यू मोजण्यासाठी, साथ कळवण्यासाठी, निव्वळ सरकारी कामापोटी लिहिलेल्या एका ओळीनं दिलं. ते नाव आता घरातल्या एका लहान मुलीला ठेवलं आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

हेळवी भेटले ते त्याच वर्षीच्या सुगीत. बेळगाव जिल्ह्याच्या बाजूनं ते येतात, घरात कानडी बोलतात आणि आमच्याशी आमच्यासारखं मराठी. सजवलेला बैल, गळ्यात घंटा. गावं त्यांच्या घराण्यांत वाटलेली असतात. आमच्या गावाची वही बापाकडून लेकाकडे येते. दारात बसून कुळाचं दैवत, मूळ गाव, कोण कुठून आलं, कोणाला किती मुलगे, असं ते एका दमात वाचत जातात. मोबदल्यात धान्य, कापड, आता रोख.

आमचं मूळ गाव माणदेशातलं निघालं. दुष्काळात आमचा पूर्वज दोन मुलगे आणि हत्यारांची पिशवी घेऊन येरळेकाठी आला, असं वहीत आहे. १८७६-७७ चा दुष्काळ माण, खटाव, खानापूर या पट्ट्यावर जबर बसला होता, आणि पिढ्या मोजल्या तर काळ तिथेच जाऊन ठेपतो. जुन्या कागदांवर आमचं नाव का नाही, तेही इथे उलगडलं. ते कागद झाले तेव्हा आम्ही या गावात आलोच नव्हतो, आणि आलो तेही वतनदार सुतार म्हणून नव्हे, उपरे म्हणून. गोतसभेत किंकऱ्याची निशाणी करायचा हक्क वतनदाराचा. उपऱ्यानं काम करायचं आणि पाटील देईल ते घ्यायचं.

त्या वहीत मुलगे सगळे आहेत. लेकी नाहीत, सुना नाहीत. मी हेळव्यांना म्हणाले, "मामा, माझं नाव लिहाल?" ते हसले नाहीत. म्हणाले, "रीत न्हाई ताई. पर आता लोक इचारत्यात." आणि त्यांनी भावाच्या नावाखाली, जरा जागा सोडून, माझं लिहिलं.

याबाबतीत इंग्लंडातल्या वह्याही फार पुढे नव्हत्या. बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यात आईचं पहिलं नाव असे, माहेरचं आडनाव नसे. तेवढ्यासाठी १८३७ ची सरकारी नोंदणी यावी लागली. कुळाची आठवण ठेवणाऱ्यांनी दोन्हीकडे बाप धरून ठेवला. आईला जागा मिळाली ती सरकारी मोजणीत. माझ्या या सगळ्या फिरण्यातून मला जे कळलं ते हे, आणि ते मला हेळव्याच्या वहीइतकंच मोलाचं वाटतं.

शेवटी मिरजेला गेले, कारण घराण्याची आठवण टिकलेले कारागीर पाहायचे होते. तिथले सतार-तंबोरे करणारे एकेकाळी शस्त्रांचं काम करत. हत्यारांचं काम सरलं तसे ते एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, त्यांवर आजही हातानं काम होतं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. देशभरचे गवई इथून तंबोरे नेत आले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या घराण्यांची नावं लोकांना पिढ्यानपिढ्या माहीत आहेत, कारण गवयाला आपला तंबोरा कोणी केला हे सांगायचं असतं. तिफण कोणी केली हे शेतकरी सांगत नाही. ती झिजते, मोडते आणि चुलीत जाते.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या गावी हेळवी येत असतील तर या सुगीला त्यांना दाराशी बसवा, त्यांच्या परवानगीनं आपल्या कुळाच्या पानांचं छायाचित्र घ्या आणि त्यांचा मोबदला हातचं न राखता द्या. त्यांची पुढची पिढी शाळा-कॉलेजात गेली आहे, वही उचलेलच असं नाही. तहसील कचेरीत अर्ज करून गावच्या नमुना १४ ची नक्कल मागा. मोडी येत नसेल तर वाचणारा शोधा, पण फक्त आपली ओळ वाचून पान मिटू नका. शेजारच्या घराची नावंही उतरवून घेऊन त्या घरी पोचवा. आणि आज घरात जी सर्वांत म्हातारी बाई असेल, तिच्या आईचं आणि सासूचं नाव, माहेरच्या गावासकट, आजच लिहून घ्या.